बहिणीच्या घरची उंची

माझी उंची सांगण्यासारखी नाही. कचेरीत मी काऊंटरमागे उभा असलो तरी लोक म्हणतात, "साहेब, उठू नका, बसूनच सांगा." त्यामुळे भाची बास्केटबॉल खेळायला लागली तेव्हा 'मामावर गेली' असं म्हणायची सोय कुणालाच नव्हती. ती बापावर गेली होती.

माझे भावोजी रापणीवर होते, किनाऱ्यावरून जाळं ओढायचं काम. घराच्या दारातून ते वाकूनच आत येत. तरणेताठे असताना एका सकाळी दोर ओढता ओढता छातीवर हात ठेवून वाळूत बसले, ते उठलेच नाहीत. आदल्या संध्याकाळी खाडीच्या वाटेने एकटे आले होते. तेव्हा देवचाराच्या वाटेत आडवे गेले, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं. गावाची राखण करणारा तो; त्याच्या फेरीच्या वेळी मध्ये येऊ नये. तेव्हापासून दर वर्षी त्याला कोंबडा देतो. धरायचं काम माझ्याकडे. कोंबडाही मला फारसा जुमानत नाही.

भाचीला वर्गातल्या पोरी 'माड' म्हणायच्या. ती पाठीत वाकून चालायची, फोटोत मागच्या रांगेतही गुडघे दुमडून उभी राहायची. खेळाच्या सरांनी तिच्या हातात चेंडू दिला आणि पोर ताठ झाली. रिंगखाली उभी राहिली की बोर्डवरून आलेला चेंडू तिचाच. सर मला म्हणाले, "हात बघा तिचे, पसरले की उंचीपेक्षा लांब भरतात. असे हात शिकवून येत नाहीत." निवासी क्रीडाशाळेत तिची निवड झाली. मी कचेरीभर पेढे वाटले, जणू उंची मीच पुरवली होती. आता फक्त डॉक्टरी तपासणी उरली होती.

डॉक्टरांनी तिला अंगठा आत घेऊन मूठ मिटायला सांगितली. अंगठ्याचं टोक मुठीच्या दुसऱ्या बाजूने बाहेर आलं. मीही मूठ मिटून पाहिली, तर माझा अंगठा आत कुठे गेला तेच कळेना. भाची हसली. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी तिच्या हृदयाची सोनोग्राफी केली, बराच वेळ पडद्याकडे बघितलं आणि विचारलं, "वडील कशाने गेले?"

मी कचेरीतल्या मराठीत म्हणालो, "अचानक निधन झालं."

बहीण म्हणाली, "देवचारान मारल्यान."

"उंच होते?"

"दारात वाकान येयत."

मग त्यांनी समजावून सांगितलं. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी मुळाशी फुगली होती. हा दोष रक्तातून येतो. ते लांब हात, ती बोटं, सगळी त्याचीच खूण. ताण पडला तर ती फाटते. धावणं, उड्या आजपासून बंद. गोळ्या चालू, पुढे कदाचित ऑपरेशन.

भाची हातांकडे बघत होती. बहिणीने विचारलं, "म्हणजे तेंका पण ह्याच होता?"

"बहुतेक."

"मगे तेवां दाखवला आसता तर?"

डॉक्टरांनी मशीन बंद केलं. "तेव्हा इथे हे मशीन नव्हतं," म्हणाले. तेवढी दया त्यांनी केली.

दुसऱ्या दिवशी मी सरांना फोन करून ती येणार नाही एवढंच सांगितलं. सर भडकले. "मुलगी म्हणून घरात बसवताय ना? तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाने?" मी "होय, होय" करत राहिलो. शिव्या खाणं त्यातल्या त्यात सोपं होतं.

भाचीने माझ्या हातातून फोन काढून घेतला. "सर, मामाला बोलू नका. माझ्या हृदयात दोष आहे. खेळले तर मरेन, असं सांगितलंय." ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "नको सर. सामन्याचे गुण लिहायलाही नाही येणार मी. बाकीच्या पोरींना खेळताना बघत कशी बसू?"

तिने फोन माझ्याकडे दिला आणि ती मागच्या दाराने विहिरीवर तोंड धुवायला गेली. सर अजून बोलत होते.