पडद्याआडचा जावई

सांपाने आयुष्यात लोकांसाठी फाटकं किती बनवली याची गणती नाही, पण स्वतःसाठी म्हणून त्याने एकच मोठी वस्तू बनवली, ती म्हणजे जेवणाचं टेबल. लोखंडी पाय, वर जाड फळ्या, आणि सहा माणसं ऐसपैस बसतील एवढी लांबी. लेक झाली, बसायला लागली, तेव्हा तिच्यासाठी उंच पायांची खुर्ची जोडली आणि ती पडू नये म्हणून पुढे आडवा गज लावला. शेजारी म्हणायचे, "अरे, पोरीला खुर्ची केलीस की तुरुंग?" सांपा नुसता हसायचा. किट्वे शहराच्या चिम्वेम्वे वस्तीत त्याच्याइतका गरीब स्वभावाचा वेल्डर दुसरा नव्हता, पण टेबलाच्या बाबतीत तो कुणाचं ऐकून घेत नसे.

त्याला तसं कारण होतं. सांपाचा बाप खाणीत कामाला. तो जेवायचा एकटा, पुढच्या खोलीत, दार लोटून. आई झाकलेलं ताट घेऊन आत जायची, गुडघे टेकून ते ठेवायची आणि बाहेर यायची. सहा पोरं अंगणात एका परातीभोवती. कोंबडी शिजली की पोटा, म्हणजे तिच्या पोटातली ती चिवट, मांसल पिशवी, बापाचा. त्यात नवल काही नाही, पोटा घरच्या कर्त्याचाच असतो, आजही आहे. पण दाराच्या फटीला डोळा लावून बापाला तो सावकाश चावताना बघायचं आणि तोंडाला सुटलेलं पाणी गिळायचं, हे सांपाने लहानपणी किती वेळा केलं असेल! पोट्यापेक्षा त्याला ते लोटलेलं दार डाचायचं. बाप वारला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की ह्या माणसाबरोबर आपण एकदाही जेवलो नाही. तेव्हाच त्याने ठरवून टाकलं, माझ्या घरात सगळे एका ठिकाणी जेवतील.

आणि जेवत होतेच. बायको कासुबा गरम उबवालीचं पातेलं मधोमध ठेवायची. सांपा हात धुऊन मक्याच्या त्या घट्ट उबवालीचा लहानसा गोळा वळायचा, अंगठ्याने खळगा पाडायचा, त्यात कालवण भरायचा आणि लेकीच्या, लोंबेच्या, तोंडात द्यायचा. निम्मं आत, निम्मं हनुवटीवर. पोरगी एवढीशी, पण खायची दणकून.

मग कासुबाची शाळेतली नोकरी पुन्हा सुरू झाली, आणि लोंबेला सांभाळायला कासामाहून तिची आई आली. सगळी वस्ती त्यांना बाना कासुबा म्हणायची, म्हणजे कासुबाची आई. बाई उभी काठीसारखी, कामाला वाघीण, आणि रीतीभातीला पक्की. आता सासू घरात आली आणि जावई अजून 'आत आणलेला' नाही, म्हटल्यावर पुढचं कुणी सांगायला नको. आत आणणं म्हणजे सासरच्या बायकांनी सगळे पदार्थ रांधून, गाणी म्हणत यायचं, एकेक झाकण उघडून जावयाला चव द्यायची. ते झालं की जावई सासूसमोर बसून जेवायला मोकळा. तोवर एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं नाही, एका जागी खायचं तर नाहीच नाही. सांपाच्या लग्नाला चार वर्षं झाली होती. झाकणं अजून उघडायची होती.

मग काय! स्वयंपाकघर आणि पुढची खोली यांच्या मध्ये फुलाफुलांचा पडदा लागला. आत चटईवर सासू, बाहेर टेबलाशी एकटा सांपा, आणि कासुबा ताटं घेऊन इकडून तिकडे. आपणच बनवलेल्या टेबलाशी आपण बापासारखे एकटे जेवतोय, हे सांपाला जिव्हारी लागायचं. पण बोलणार कुणाला?

बोलणं व्हायचं ते लोंबेमार्फत. आपल्याकडे नाही का, लेकी बोले सुने लागे, तसं इथे नातीला बोलायचं आणि जावयाला लागायचं.

"लोंबे गं," आतून आवाज यायचा, "कुणीतरी बूट घरात आणलेत. लोखंडाचा कीस माझ्या चटईपर्यंत आलाय. कुणाचे गं बूट?"

"लोंबे, आजीला सांग, उद्यापासून अंगणात काढतो."

"लोंबे, सांगणाऱ्याने काल पण हेच सांगितलं होतं."

वीस महिन्यांची लोंबे दोघांनाही एकच उत्तर द्यायची. "बा!"

गंमत इथवर ठीक होती. पण पोरीला वाटलं, ही काहीतरी पळापळीची शर्यत आहे. आजीकडे एक घास, की पडद्याखालून बाहेर. बापाकडे एक घास, की पुन्हा आत. तिसरा घास तोंडात तसाच धरून मध्येच उभी. खुर्चीत बसवलं तर पडद्याकडे बोट करून टाहो. चटईवर बसवलं तर बापाच्या नावाने टाहो. उबवाली थंड व्हायची, तिच्यावर साय धरायची. बाना कासुबांनी गाणी म्हणून बघितली, कासुबाने रागावून बघितलं, सांपाने चमचा विमानासारखा फिरवून बघितला. सगळ्यांच्या नाकी नऊ आले.

एका शनिवारी सांपा स्वतः लोंबेला दवाखान्यात वजनाला घेऊन गेला. काट्याला लोंबकळणाऱ्या चड्डीत तिला बसवलं, नर्सने कार्डावर टिंब काढलं आणि चष्म्यावरून सांपाकडे बघितलं. दोन महिने वजनाची रेघ आडवी होती. आता ती खाली वळली होती.

"जेवताना ही कुठे बसते?" नर्सने विचारलं.

"सगळीकडे," सांपा म्हणाला.

"मग अन्नही सगळीकडेच जात असणार, पोट सोडून! एका जागी, सगळ्यांबरोबर बसवा हिला. पुढच्या महिन्यात रेघ अशीच उतरली तर हिला मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागेल."

घरी येताना सांपाने लेकीला पाठीवर न बांधता छातीशी धरलं. तिच्या फासळ्या बोटांना लागत होत्या. त्याला भीती वाटली, खरीखुरी.

त्या दिवशी तो पहिल्यांदाच बायकोवर चिडला. अंगणात नेऊन म्हणाला, "तुझ्या घरच्यांना मी नकोच आहे, सरळ सांग ना! हात जळके, वेल्डर माणूस, याला कशाला आत आणा!"

"झालं सुरू! मामाशिवाय कोण आणणार आत? काटोंगो मामा यायला नको?"

"तुझा मामा चार वर्षं निघतोच आहे. कासामाहून चालत निघाला असता तरी एव्हाना दहा वेळा येऊन गेला असता!"

कासुबाला हसू फुटलं. मग स्वयंपाकघरात भांडं जरा जोरात आपटल्याचा आवाज आला. ऐकू गेलं होतं तर.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी ते घडलं. सांपा टेबलाशी बसून एका गिऱ्हाइकाच्या कुलपात डोकं घालून बसला होता. समोर त्याचं ताट, ताटात सुकट. पडदा हलला, लोंबे बाहेर आली. मुठीतला घास तिने वर केला, "बा!" म्हणाली, आणि कुलपावरची नजर न काढता सांपाने तोंड उघडलं. कुठला बाप उघडणार नाही? घास आत गेला, तो चावू लागला, आणि चावता चावता थांबला. घास बुळबुळीत होता.

भेंडी! त्याच्या ताटात भेंडी नव्हती. भेंडी आज एकाच ताटात होती.

पडद्याखाली बाना कासुबांची पावलं दिसत होती. त्या नातीमागे उठून आल्या होत्या आणि तिथेच थिजल्या होत्या. थुंकावं तर सासूच्या अन्नाचा अपमान, गिळावं तर रीत बुडाली. सांपाने गिळलं. लोंबेने टाळ्या वाजवल्या. पावलं मागे गेली.

त्या संध्याकाळी आतलं ताट तसंच परत आलं. सकाळी सांपा कामावर निघाला तर दाराशी सासूची पिशवी बांधून ठेवलेली. कासुबा म्हणाली, "आई मलाही काही सांगत नाहीये. ताकास तूर लागू देत नाहीये." दिवसभर त्याच्या हातून एक सांधा धड बसला नाही. सासू गेली तर पोरीला बघणार कोण? कासुबाची नोकरी जाणार. आणि माझ्या एका घासापायी बाई या वयात शरमेने गावी परतणार, लोक काय म्हणतील ते वेगळंच. आता आत आणण्याचं तर नावच नको.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा पडद्याआड सासूचा फोन चालला होता, आणि मुद्दाम बाहेर ऐकू जावा असा चालला होता.

"हो, खाल्लं म्हणते ना! माझ्या ताटातलं. माझी भेंडी... दंड? कुणाला लावतोस दंड? पोरीला लाव! तिच्या दाढा फुटायच्यात अजून. दोन वर्षांची पुरी नाही, तिने एका घासात जावई आत आणला, आणि तू साठी उलटली तरी बूट शोधतोयस! ... मला रस्त्याचं सांगू नकोस. उद्याच्या बसने मी येतेय. तुझ्या पडवीत बसणार. तू उठेपर्यंत तुझ्या घरचं पाणी पिणार नाही. चार वर्षं मी या माणसाची पाठ बघतेय, काटोंगो. चांगली पाठ आहे. नात वाळत चाललीय माझी, आता पुरे."

सांपा बूट न काढताच पायरीवर बसला. बाई जाणार होती ती परत येण्यासाठी, आणि चार वर्षं ज्या बाईला आपण नकोसे वाटतो असं तो धरून चालला होता, ती त्याच्याच बाजूने भांडत होती.

पाच दिवस सासू नव्हती. सांपाने दुकान बंद ठेवलं, पडदा बाजूला सारून ठेवला आणि लेकीला खुर्चीत बसवलं. पण लोंबे रिकाम्या चटईकडे बघायची, मान फिरवायची आणि ओठ घट्ट मिटायची. सांपाने एकेका घासासाठी जिवाचा आटापिटा केला. चार घास गेले की तो दिवस चांगला.

सहाव्या दिवशी काटोंगो मामा आला. गलेलठ्ठ, घामाघूम, मागे दोन नातेवाईक बायका आणि बाना कासुबा.

"रस्ता फार खराब, जावईबापू," मामा म्हणाला.

"चार वर्षं?" पाठमोऱ्या बाना कासुबांनी विचारलं. कुणाला विचारलं ते त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी बायकांनी पहाटेपासून शेगड्या पेटवल्या. ऊन कलल्यावर झाकलेली पातेली डोक्यावर घेऊन, गात, टाळ्या वाजवत त्या अंगणाला फेरी घालून घरात आल्या आणि सगळी पातेली त्या टेबलावर मांडली. टेबल पहिल्यांदा पुरतं भरलं. सांपा मान खाली घालून बसला. बाना कासुबा गुडघ्यांवर बसल्या आणि एकेक झाकण उघडू लागल्या. भोपळ्याचा पाला शेंगदाण्याच्या कुटात. घेवडा. अळंबी. वाळवलेल्या अळ्या. प्रत्येकातलं चिमूटभर, नजर झुकवूनच, सांपाच्या तोंडात. पाचवं झाकण उघडलं तशा त्या थांबल्या.

"ही चव तुम्ही आधीच घेतलीय," त्या म्हणाल्या.

भेंडी होती. बायका अशा काही हसल्या की लोंबे दचकली, आणि मग स्वतःच सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसू लागली.

मग मामा म्हणाला, "झालं. आता बघा एकमेकांकडे."

सांपाने मान वर केली. चार वर्षांत पहिल्यांदा सासूचा चेहरा. तो समजत होता तसा कडक नव्हता, थकलेला होता, आणि डोळ्यांत पाणी होतं. बाना कासुबा त्याच्याकडे एकटक बघत राहिल्या. मग लोंबेकडे बघितलं, पुन्हा त्याच्याकडे.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या, "ही हनुवटी तुमची होय! एवढे महिने हिला भरवताना रोज पुसतेय मी ही हनुवटी. म्हणजे तुम्हाला तर मी कधीचीच ओळखते."

"या, मायो," आईला हाक मारावी तसं तो कसाबसा म्हणाला, "खुर्चीवर बसा." आणि त्या बसल्या. टेबलाशी, त्याच्या समोर. मधे लोंबे, गजाआड.

शेवटचं पातेलं कोंबडीचं. बाना कासुबांनी पळीने शोधून पोटा काढला आणि रीतीप्रमाणे सांपाच्या ताटात ठेवला. सांपा त्याच्याकडे बघत राहिला. त्याला लहानपणची ती दाराची फट आठवली. तेवढ्यात गजावरून एक इवलासा हात आला, पोटा उचलला आणि गडप!

"अगं अगं, बापाचा वाटा तो!" मामा ओरडला. "काढा तिच्या तोंडातून!"

लोंबेने दोन्ही गाल फुगवून सगळ्यांकडे बघितलं. आजीकडे बघितलं, बापाकडे बघितलं. दोघंही समोरच होते, कुठे पळायचं कारण नव्हतं. ती आहे तिथेच बसून समोरच्या दातांनी तो चिवट पोटा कुरतडू लागली.

"खाऊ दे रे," रीतीभातीच्या पक्क्या बाना कासुबा म्हणाल्या. "बसून खातेय ना?"

सांपा रडला. सगळ्यांदेखत, हात उबवालीने माखलेले असताना, दंडाने डोळे पुसत रडला आणि त्याची त्याला अजिबात लाज वाटली नाही.

लोंबेने पोटा संपवला, गजावर थाप मारली आणि तोंड उघडून म्हणाली, "बा!"

बाप आणि आजी, दोघांचेही घास एकदमच पुढे आले.