आवाज कुठं चाललाय

आमच्या शेजारचे हवालदार कुणाचाही निरोप पदरचा एक शब्द न घालता पोचवत. एकदा माझ्या सासूबाईंनी त्यांच्याकरवी नणंदेला चांगले चार शब्द सुनावले, तर तेही त्यांनी तिच्या दारात सावधान उभं राहून जसेच्या तसे म्हणून दाखवले. फौजेत ते सिग्नलवर, म्हणजे निरोप पोचवायच्या कामावर होते. "ऐकलं तेवढंच सांगायचं, बाई. पदरचं घालायचं न्हाई," असं मला बजावत. मी शाळेत शिकवते, म्हणून त्यांची बाई.

कवठे महांकाळात आमची दोन्ही घरं एकाच भिंतीला लागून. पेन्शनीत आल्यावर त्यांनी कॉम्प्युटर घेतला, आणि गल्लीत कुणाच्या कॉम्प्युटरचा आवाज गेला की बोलावणं हवालदारांना. त्यांचा क्रम ठरलेला. आधी प्लग, मग वायर, मग स्पीकर, आणि पडद्यावर काय दिसतंय ते सगळ्यात शेवटी. बहुतेक घरांत कुणीतरी पडद्यावरच आवाज बंद करून ठेवलेला असे, पण हवालदार तिथवर पोचेपर्यंत दोनदा चहा होई. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, हसून म्हणत, "आवं, एकदा तरी उलटीकडनं सुरुवात करा की." ते ऐकत नसत.

शाळा बंद होत्या त्या दिवसांत मी त्यांच्याच कॉम्प्युटरवरून तास घेई. पोरांच्या गलक्याचा काकूंना त्रास नको म्हणून गळ्यात अडकवायचा बिनतारी इअरफोन जोडायची. तास संपला की तो आणून माझ्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लावायची. रात्री चार्ज करायची, पण बंद करायचं कधी ध्यानात राहत नसे.

काकूंना सांगलीच्या दवाखान्यात ठेवलं तेव्हा आत कुणालाच सोडत नव्हते. तिसऱ्या दिवशी सकाळी नर्सने आपल्या फोनवरून हवालदारांना व्हिडिओ कॉल लावून दिला. कॉम्प्युटरवर काकू दिसल्या. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. हवालदारांनी त्यांना हातानेच थांबायची खूण केली आणि प्लग बघितला. मग वायर. मग स्पीकर. मान वर केली तेव्हा काकूंचं बोलून झालं होतं. नर्स फोन घेऊन पुढच्या खाटेकडे गेली. संध्याकाळी काकू गेल्या.

हे सगळं त्यांनी मला तेराव्यानंतर बोलावून सांगितलं, तेही क्रमाने. मग पडद्याच्या कोपऱ्यातलं स्पीकरचं चित्र दाबलं. आवाज कुठे जातोय ते तिथे लिहिलेलं असतं. तिथे माझ्या इअरफोनचं नाव होतं. आत्ताही तो भिंतीपलीकडे खिळ्यावर चालूच होता.

ते चिडले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी अगदी हळू विचारलं, "तवा कानात व्हता का वो तुमच्या? काय म्हनली ती?"

मला खोटं बोलता आलं असतं. 'गोळ्या वेळेवर घ्या' हे काकू रोजच म्हणत, तेवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण त्या माणसासमोर जीभ वळली नाही.

"नव्हता," मी म्हणाले. "खिळ्याला होता. मी भाकरी थापत होते."

"बरं," ते म्हणाले. "हाय तेवढंच सांगितलंसा."

पुढे त्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. गल्लीत बोलावणं आलं की जात, पण क्रम बदलला होता. "आदी आवाज कुठं चाललाय ते बगायचं," एवढं म्हणून पहिल्यांदा पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट नेत. चहाला थांबत नसत.

गेल्या वर्षी हवालदार गेले. त्यांच्या मुलाने तो कॉम्प्युटर आमच्या शाळेला दिला. आवाज येत नाही म्हणून कुणी हाक मारली की मी आधी कोपऱ्यातलं ते चित्र दाबते, आणि दर वेळी तेच मनात येतं. त्या दिवशी मी पदरचं घालायला हवं होतं.