माझ्या वाट्याचे आठ दिवस

हुमनाबादला हायवेच्या कडेला शेतीचे पाइप बनवायचा आमचा कारखाना आहे. मी तिथं टेस्टिंगला आहे, बारा वर्षं झाली. पाइपाचा तुकडा कापायचा, वजन करायचं, जाडी मोजायची, पाण्याच्या दाबाखाली ठेवून फुटतो का बघायचं, हे माझं काम. माझं तोंड फाटकं आहे, हे मीच सांगून टाकते. पाइप एका अंगाला पातळ आला की मी ऑपरेटरला असं फैलावर घ्यायचे, की मला येताना बघून पोरं मशीनमागं लपायची.

एकाच माणसापुढं माझं तोंड बंद असायचं, ते म्हणजे मिक्सिंगचे अप्पा. अप्पा साठीला टेकलेले, इथल्याच जवळच्या खेड्यातले, लिंगायत. कपाळावर इभूत, अन् दुपारपर्यंत त्या इभूतीवर पाइपाच्या पावडरीचा आणखी एक थर. पावडर आणि बाकीचा मसाला गरम करून घुसळायचा, अन् तोच माल पुढं मशीनमधून पाइप होऊन निघायचा. घड्याळ बघून माल काढायचा असतो. अप्पा मात्र मूठभर गरम माल हातात घेऊन दाबायचे, मूठ उघडायचे, आणि सांगायचे, अजून दोन मिनिटं. मी बारा वर्षं त्यांच्या हातचा माल तपासला. एकदाही वजन इकडचं तिकडं झालेलं बघितलं नाही. दरवर्षी चौदा एप्रिलला आमच्या घरी जयंतीचं जेवण असतं, त्याला ते येतात आणि पोटभर जेवून जातात. माझ्या सासऱ्यांना याचं फार अप्रूप होतं.

गेल्या उन्हाळ्याच्या आधी आखातात तणाव वाढला. आमच्याकडं घरटी एक माणूस तिकडं. माझा धाकटा भाऊ तेलाच्या विहिरींवरच्या कँपात स्वयंपाक करतो. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला आणि सगळ्यांच्या हातात फोन, कुठं काय पडलं, कुणाचं विमान रद्द झालं. समुद्राची वाट बंद होईल या भीतीनं आमच्या शेठनी चढ्या भावानं पावडर भरून ठेवली. पावडर तेलापासनं बनते, तेल चढलं की ती चढते. गोदामात पोती पार पत्र्याला टेकली.

मग तह होणार अशी बातमी आली आणि तेल धडाधडा उतरायला लागलं. आम्ही गेटवर साखर वाटली. मीच आणली होती, दोन किलो. आपली माणसं वाचली, वर डिझेल स्वस्त होईल, आणखी काय पाहिजे माणसाला. अप्पांनी चिमूटभर साखर तोंडात टाकली आणि विचारलं, "आता पावडर बी उतरंल न्हवं का, अक्का?"

"उतरू द्या की. आपलं काय जायलंय?" मी म्हटलं.

हे बोलणं आठवलं की अजून माझं मलाच थोबाडीत मारावंसं वाटतं. पाइपाच्या कारखान्यात बारा वर्षं काढलेल्या बाईनं, पाइपाचा भाव पडणार म्हणून साखर वाटली. भाव रोज उतरतोय म्हटल्यावर आज माल कोण घेणार? दुकानदारांनी ऑर्डरी थांबवल्या. उद्या स्वस्त मिळेल, परवा आणखी स्वस्त. शेठच्या गोदामात महागाची पावडर, अंगणात न विकलेल्या पाइपांचे ढीग. तीन मशीनींपैकी एक बंद झाली. तिकडनं भावाचा फोन आला, "अक्का, तेल पडलं की हितं नव्या हिरी खंदायचं बंद करायलेत. माणसं घरी पाठवायलेत. माझं बी काय खरं न्हाई." माझा मुलगा कडगंचीला युनिव्हर्सिटीत शेवटच्या वर्षाला होता, आणि त्याचा हॉस्टेलचा खर्च मामाच बघत होता.

दुसऱ्या आठवड्यात मॅनेजरनी सगळ्यांना बोलावलं. आम्ही चोवीस जण. त्यातले आठ कमी करायचे, नंतर लागलेले आधी. त्या आठात टेस्टिंगला माझ्या हाताखाली असलेली बाई होती. नवरा वारलेला, दोन लेकरं, अन् काम असं शिकली होती की मला तिच्यावर ओरडायला काही सापडायचं नाही. ती खाली मान घालून उभी राहिली. मी तर चोवीसात जुन्यातली, माझ्या केसाला धक्का लागणार नव्हता. मला सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तेव्हा अप्पा पुढं आले. सहसा न बोलणारा माणूस. म्हणाले, "सायब, आमच्या गावात एका हिरीवर सात वाटेकरी हाईत. उन्हाळ्यात पानी आटतंय. म्हनून कुन्या वाटेकऱ्याला हिरीवरनं काढत न्हाईत. समद्यांची बारी कमी करतेत. हितं बी तसंच करा. चोवीस जनांनी म्हैन्यातले आठ-आठ दिवस घरी बसायचं. पगार तेवढा कमी द्या. पर मानूस काढू नका."

मॅनेजरनी कागदावर आकडे मांडून बघितले. त्यांचा हिशोब तोच येत होता, अन् वर शिकलेली माणसं हातची जाणार नव्हती. ते म्हणाले, सगळे तयार असतील तर माझी ना नाही, पण जबरदस्ती करणार नाही. मग एकेकाला विचारायला लागले. तुम्ही? व्हय. तुम्ही? व्हय. जुने ऑपरेटर, पॅकिंगच्या बाया, ज्यांना मी रोज शिव्या घालायचे ती पोरंसुद्धा, सगळे व्हय म्हणत गेले. माझ्यापर्यंत आलं.

मी म्हटलं, "न्हाई. मला जमत न्हाई."

कुणीतरी मागनं म्हणालं, "कामून?" मी सांगितलं, की माझं पोरगं शिकायलंय, भावाचं काम जायच्या वाटेवर हाय, म्या कुठनं आनू? आवाज चढला माझा. अप्पांनी फक्त मान डोलावली. मला वाटलं आता ते समजावतील, चार गोष्टी सांगतील, आणि मी भांडायला कंबर कसून बसले. त्यांनी काही समजावलं नाही. मॅनेजरना म्हणाले, "त्यांचं राहू द्या."

चार दिवसांनी गेटजवळच्या फळ्यावर कोण कधी घरी त्याचा कागद लागला. आठ जणांतलं एकही नाव गेलेलं नव्हतं. माझ्या नावापुढं एकही सुट्टी नव्हती. अप्पांच्या नावापुढं सोळा.

मी तडक मिक्सिंगला गेले. अप्पा पोती रचत होते. "तुमाला कुनी सांगितलं होतं माझा वाटा घ्यायला? मी मागितलं होतं का?" उपकाराचा राग येतो माणसाला, तसा आला होता.

ते हात झटकत म्हणाले, "हिरीवर असंच असतंय, अक्का. एकाची ज्वारी पोटरीत आली आसंल, कनीस भाईर पडायच्या बेतात आसंल, तर त्येचं पानी तोडत न्हाईत. थोरला वाटेकरी आपली बारी सोडतोय. तुमचं पोरगं शेवटच्या वर्साला हाय. पीक पोटरीत हाय."

एवढंच. पुन्हा पोती रचायला लागले. अशा वेळी एखादी चांगली बाई म्हणाली असती, नको अप्पा, घालते मी माझे आठ दिवस. मी परत येऊन पाइप कापत बसले.

अप्पा महिन्यात आठच दिवस यायला लागले. उरलेले दिवस शेतात असायचे, किंवा कुणाच्या तरी घराच्या बांधकामावर, या वयात. ते नसले की मिक्सिंगला दुसरा माणूस असायचा, आणि पाइपांची वजनं डुलायची. माझ्या वहीत तारखा न बघता सांगता यायचं, अप्पा कधी होते आणि कधी नव्हते. ज्या दिवशी यायचे, त्या दिवशी दारातनं नेहमीसारखं विचारायचे, "आलाव का अक्का? लेकाचा अभ्यास कसा चाललाय?" टोमणा नाही, आड नजर नाही. मी बारा वर्षं त्यांच्या हाताचं कौतुक केलं होतं. माणूस केवढा आहे ते मला त्या दीड महिन्यात दिसलं, आणि तेही त्यांच्यामुळं मला पूर्ण पगार मिळत असताना.

मुलाची परीक्षा झाली. आता मला कारण उरलं नव्हतं. तरी मी आणखी एक आठवडा गेले, पूर्ण हजेरी लावली. मग एका सोमवारी घरनं ठरवून निघाले आणि आधी मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरले. ते फोनवर होते, दुसरा फोन वाजत होता. बोलणी फिसकटली होती, समुद्रात पुन्हा जहाजं अडवायची भाषा सुरू झाली होती, आणि रात्रीत तेल चढलं होतं. दोन महिने दडून बसलेले दुकानदार महाग व्हायच्या आत माल मागत होते. तिकडं भावाच्या कँपवर काय चाललं असेल कुणास ठाऊक, आणि इकडं तिसरी मशीन गरम करायला लावली होती.

मी म्हटलं, "सर, माझे आठ दिवस कमी करा, अप्पांना द्या."

ते हसले. "आता कशाला? आजपासून सगळे पूर्ण दिवस."

अप्पा दुसऱ्या दिवशी आले, नेहमीच्या वेळेला, आणि मूठ दाबून माल बघायला लागले. मी काय करायला गेले होते ते त्यांना सांगायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण मग वाटलं, न दिलेल्याचं काय सांगायचं.

भाऊ सुखरूप आहे. मुलाला नोकरी लागली. मागच्या महिन्यात बाहेरगावचे एक मोठे खरेदीदार कारखाना बघायला आले होते. त्यांनी अप्पांना विचारलं, एवढी मंदी आली तरी एकही माणूस गेला नाही म्हणतात, कसं जमवलं? मी तिथंच, हातात पाइपाचा तुकडा घेऊन उभी होते. अप्पांनी आमच्याकडं हात केला, माझ्याकडंही केला, आणि म्हणाले, "समद्यांनी वाटून घेतलं, सायब."

पाहुण्यांनी माझ्याकडं बघून हात जोडले. मीही जोडले. तेव्हा बोलायला तोंड उघडलं नाही, म्हणून इथं सांगते. सगळ्यांनी नाही. तेवीस जणांनी.