आमच्या बूथवर फुटलेली मतं

एरंडोल लोकसभा मतदारसंघाविषयी कुणी विचारलं की मी भरपूर बोलतो. कोण उभं राहिलं, कोण पडलं, प्रचाराच्या जीपा कुठे रुतल्या, सगळं. आमच्या गावाच्या बूथपाशी आलो की विषय बदलतो. इतकी वर्षं हेच केलं. ज्याच्यासाठी खरं सांगायला हवं होतं तो माझ्या चुलत बहिणीचा नवरा पोळ्याच्या सुमारास गेला, म्हणून आता लिहितो.

तो साक्रीकडचा, आमच्या गावात घरजावई म्हणून आलेला. त्याला सगळे पाव्हणाच म्हणत.

आमच्याकडे निवडणुकीआधी मारुतीच्या पारावर बैठक होई आणि अख्ख्या गावाची मतं एकाला द्यायची असं ठरे. ठरवणारे अर्थात पुरुष. कागदी मतपत्रिका होत्या तोवर सगळ्या गावांची मतं मिसळून मोजत, त्यामुळे कोण फिरलं ते कळत नसे. यंत्र आलं आणि बूथवार आकडे बाहेर यायला लागले. पुढे एरंडोलच्या पोटनिवडणुकीत आमच्या बूथवर बरीच मतं विरोधी उमेदवाराला निघाली.

गाव एकमेकांकडे संशयाने बघू लागलं. कोण कुणाच्या गाडीत बसलं, कुणाच्या ओट्यावर कोण आलं, सगळं आठवून आठवून बोललं जाई. आकडे कळले त्याच संध्याकाळी बायकोला मी सहज विचारलं. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "आम्ही बायास्नी दिधं तिकडे. बिबड्या करताना ठरनं." बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड; ते गावातल्या बायका एकत्र जमून करतात.

"पण ठराव झाला होता ना?"

"पानी आम्ही भरतस, ठराव तुम्ही करतस."

आमच्या भाऊबंदांची मतं बैठकीत मी उभं राहून कबूल केली होती. माझ्याच घरातलं मत फुटलं हे कळलं असतं तर पारावर बसायची सोय राहिली नसती.

दुसऱ्या दिवशी पारावर एक म्हातारा म्हणाला, "बाहेरना माणूस आपला थोडाच शे?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "पाव्हणा मतदानाआधी धुळ्यात दिसला होता. विरोधी पार्टीच्या माणसासोबत चहा पीत होता."

खोटं नव्हतं ते. तो बियाणं आणायला गेला होता आणि तो माणूस दुकानदार होता, एवढं मी सांगितलं नाही.

मग पाव्हणा पारावर आला की बोलणं थांबू लागलं. त्याच्या शेतात कामाला माणूस मिळेना. श्रावणात कानबाई देवीच्या जागरणाला त्याच्या घरी बोलावणं गेलं नाही. वर्षभरात जमीन बटाईने देऊन दोघं धुळ्याला, देवपुरात राहायला गेली. पुढच्या निवडणुकीत मतं कमी-जास्त होऊन संशय आपोआप जिरेल, असं मी मनाला सांगत होतो. पण त्याआधीच नवी रचना झाली. एरंडोल हे नाव गेलं, आम्ही जळगाव मतदारसंघात आलो. जुन्या मतदारसंघातली ती शेवटची फितुरी पाव्हण्याच्याच नावावर राहिली.

गेल्या उन्हाळ्यात देवपुरात गेलो, सांगायचंच ठरवून. बहिणीने चहा दिला. ती नेहमीपेक्षा जास्त गोड बोलत होती, म्हणून मला शंका येत राहिली. बायकांचं ते ठरलं तेव्हा बिबड्या थापायला ही पण असणारच. म्हणजे हिला पहिल्यापासून माहीत होतं. मग मी पारावर काय बोललो तेही हिच्या कानावर गेलं असेल का?

पाव्हणा खाटेवर टेकून बसला होता. म्हणाला, "भाऊ, तुनी बहीण सांगस, त्या टायमाले तू एकलाच मना बाजूनी बोलना."

मी बहिणीकडे पाहिलं. ती कप उचलत होती.

पाव्हणा, मतं फोडणारा तू नव्हतास, मला माहीत होतं, तुझं नाव मी पुढे केलं, मला माफ कर. एवढंच म्हणायचं होतं. मी "हां" म्हणालो आणि तब्येतीची चौकशी केली.