परत आलेल्या मेलचा धनी

आमच्या पतसंस्थेत फोन वाजला की मानेसाहेब समोरच्याचं नाव विचारायचे आणि फोन ठेवून द्यायचे. मग आपल्या वहीतल्या नंबरवर स्वतः उलटा फोन लावायचे. शिरोळ शाखेचा मॅनेजर वर्षानुवर्षं ओळखीचा, पण तोही यातून सुटला नव्हता. "नाव काय, कोण बी सांगतंय," एवढंच त्यांचं म्हणणं. ते संगणक विभागाचे प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखाली. मला हा निव्वळ विक्षिप्तपणा वाटायचा.

एका सोमवारी ठेव विभागातल्या वैशालीचा इनबॉक्स परत आलेल्या मेलनी भरून गेला. 'आपला मेल पोहोचला नाही', एकामागून एक. मूळ मेल लॉटरी लागल्याच्या थापांचे, आणि पाठवणारी म्हणून तिचा पत्ता. तिने त्यातला एकही पाठवला नव्हता. दुपारी चेअरमननी तिच्या निलंबनाचा कागद टाइप करायला सांगितला. ती अजून कायम झाली नव्हती. असा डाग लागल्यावर कोल्हापुरात दुसऱ्या कुठल्या पतसंस्थेने तिला उभं केलं नसतं.

मानेसाहेब मला घेऊन केबिनमध्ये शिरले.

"नाव तिचंच हाय न्हवं?" चेअरमन म्हणाले.

"साहेब, चौकात त्या पैलवानाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागलाय. शुभेच्छुकांत तुमचा फोटो हाय. तुम्ही दिलता?"

"मला कोण इचारतंय? छापत्यात."

"मग बिनपरवाना फ्लेक्सची नोटीस तुमाला काढायची का?"

चेअरमननी तो कागद थांबवला. मला हायसं वाटलं. पण संचालकांपुढे कुणाचं तरी नाव हवंच होतं. "मग जबाबदार कोण, ते सांगा," ते म्हणाले.

"तिचं नाव लावणारा लबाड तर घावणार न्हाय. पण ज्या सर्व्हरवाल्यांनी मेल आधी आत घेतला आणि मग नावावरच्या माणसाकडं डोळं झाकून परत धाडला, त्यांची बी चूक हाय. नको तर दारातच नको म्हणायचं." मानेसाहेब म्हणाले. "सकाळी तपासलं. आपला सर्व्हर बी तसंच करतोय. आपल्यापायी बी कुठंतरी कोण वैशालीसारखीच अडकून बसली असंल. ते काम माझं हुतं."

हे त्यांना कुणीही विचारलं नव्हतं. सर्व्हर त्यांनी त्याच दिवशी दुरुस्त केला, तरी मेमो मिळाला आणि बढती हुकली. मला याचा फार राग आला होता. त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी मी म्हटलं, "साहेब, तुम्ही गप्प राहिला असता तर कुणाला कळलंही नसतं."

"व्हय की," ते म्हणाले. "पण वैशालीकडं परत आलेलं तिचं न्हवतं. मेमो माझाच हुता."