म्हाताऱ्या रॅपरचा नवा आल्बम

रॅपर म्हातारा झाला की त्याचे तीन प्रकार होतात, असं माझं मत आहे. एक स्वतःचा पैसा मिरवत बसतो, दुसरा नव्या पोरांना शिव्या घालतो, तिसऱ्याला देव भेटतो. तिघांचेही नवे आल्बम मी निमूटपणे ऐकतो आणि नंतर चिडतो. बायको म्हणते, मग ऐकतोस कशाला? पार्ल्यात वाढलेल्या, बँकेत नोकरी करणाऱ्या चाळिशीच्या माणसाने हिपहॉपवर रक्त आटवू नये, हे मलाही कळतं. पण कॉलेजात जो आवाज कानात बसला, तो काही केल्या निघत नाही.

हे वेड मला कॉलेजातल्या एका मित्राने लावलं. मूळचा मालवणकडचा, गिरणी बंद पडल्यावर त्याचे वडील बिऱ्हाड घेऊन गोवंडीला गेले होते. तेव्हा फोनच्या मेमरी कार्डात जागा कमी असायची. म्हणून आमचा नियम ठरला. नवा आल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा, एकही गाणं गाळायचं नाही आणि मग निकाल द्यायचा, ठेव किंवा पूस. भिडेखातर खोटं बोलायचं नाही. तो स्वतःही रॅप करायचा. त्याची कितीतरी रेकॉर्डिंग मी पुसायला लावली. तो रुसायचा आणि नवीन घेऊन यायचा.

गेल्या वर्षी त्याची फुप्फुसं गेली. कशामुळे ते डॉक्टरांनी नीट सांगितलं नाही. जवळच्या डम्पिंग ग्राउंडवर जळणाऱ्या कचऱ्याचा धूर म्हणावा, तर त्याच्या आईने तोच धूर त्याच्यापेक्षा जास्त खाल्ला होता आणि ती ठणठणीत होती. असल्या हिशोबाचा मला भयंकर राग येतो.

त्याच सुमारास आमच्या सगळ्यात आवडत्या अमेरिकन रॅपरचा बऱ्याच वर्षांनी आल्बम आला. मी तो घेऊन गोवंडीला गेलो. खिडक्या बंद होत्या, पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं. दारातच त्याची आई म्हणाली, "तेका जास्त बोलूक लावू नको हां."

फोन उशीवर ठेवून आम्ही अख्खा आल्बम ऐकला. मध्ये नात्यातलं कोणीतरी डोकावलं, "चेहऱ्यावर तेज आलंय" म्हणून गेलं. तो छताकडे बघत राहिला.

"बोल," आल्बम संपल्यावर तो मला म्हणाला.

"पूस. कोरस सगळे पोरांकडून गाऊन घेतलेत. आणि कम्प्युटरवर श्वास कापलेत. एवढा वेळ न थांबता माणूस बोलूच शकत नाही."

"शेवटच्या गाण्यात नाही कापलेत. दमतोय, ऐकू येतं. ठेव."

मी पुन्हा लावलं. त्याचं बरोबर होतं. एका कडव्यात तो म्हातारा तीनदा थांबून दम खात होता आणि ते तसंच ठेवलं होतं. तरी एका गाण्यासाठी आल्बम ठेवायचा का, यावर आम्ही भांडलो. भांडताना त्याला खोकला आला आणि बराच वेळ थांबला नाही. मला भीती वाटत होती.

"इथे सगळे म्हणतात सुधारतोय," मग तो म्हणाला. "तू सांग ना रे."

"नाही सुधारत. मागच्या वेळेपेक्षा वाईट दिसतोस."

त्याने मान हलवली. त्याला बरं वाटलं असं मी म्हणणार नाही. पण त्याने माझं मनगट धरलं, म्हणाला, "आईला सांग. डॉक्टरांनी मला सांगितलंय, आता उपाय नाही. मी रोज ठरवतो आणि ती पेज घेऊन आली की माझ्याच्याने होत नाही. तुझं ऐकेल ती."

स्वयंपाकघरातून ती चहा घेऊन आली. त्याच्याकडे बघून हसली, मग माझ्याकडे वळली.

"आज तेचो चेहरो जरा बरो दिसता, नाय रे?"

मी तिच्या हातातला कप घेतला आणि तिला बसायला सांगितलं.