विहिरीचा संदर्भ

सकाळच्या चहाबरोबर मी आमच्या ऑनलाइन ज्ञानकोशातली नवख्यांची नासधूस निस्तरतो. आज एकाने एका खेड्याचं अख्खं पान पुसून एवढंच लिहिलं होतं, 'गावची विहीर माझ्या आईने खणली.' मी ते काढलं. रिवाजाप्रमाणे त्याच्या संदेशांच्या पानावर आधी 'आपलं स्वागत आहे' चिकटवलं, मग "छापील संदर्भ द्या" म्हणून बजावलं.

"गावात कुणालाही विचारा की!" असं लिहून त्याने पान पुन्हा पुसलं, वर शिव्या दिल्या. शेवटी त्याच्यावर कायमची बंदी घातली. दुसरं काय करणार? पण कुठेच छापून न आलेल्या माणसांनी जायचं तरी कुठे?

चहा गार झालाय. पान पुन्हा होतं तसं आहे. गावाचं नाव, तालुका, जिल्हा. माणूस एकही नाही.